उंचीचा दोरा

९ जून

ती. बाबा,

नमस्कार. पोचलो. वाटेत एक चप्पल हरवली, बाकी सगळा शाबूत आहे.

पत्र लिहिणं मला किती जड जातं ते तुम्हाला माहीत आहे. चौथीत शाळा सुटल्यापासून पेन हातात धरलं ते फक्त पाठ खाजवायला. पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुमच्या तळहातावर बोटाने लिहायला मी जवळ नाही, म्हणून हा उपद्व्याप. स्टँडवर तुमच्या हातावर 'येतो' लिहिलं तेव्हा गाडी हललीच होती. मात्रा राहिली असेल तर समजून घ्या.

काम कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. आख्खी गल्ली मावेल एवढा फ्रीज. आत मासे, मटार, कोंबड्या, लोणी, सगळं खोक्यांत दगड होऊन पडलेलं. ती खोकी आत न्यायची आणि बाहेर आणायची. पाऊण तास आत, पंधरा मिनिटं बाहेर, परत आत. खिडकी एकही नाही. राहायची खोली मागेच आहे, चौघांत एक. त्यातला एक इतका घोरतो की तुमचे कान मला मिळाले असते तर बरं झालं असतं असं वाटतं.

करार अठरा महिन्यांचा. माझे ओळखीचे कागद सगळे ऑफिसच्या कपाटात जमा झाले. तुम्ही टायरवाल्याकडचे अकरा दिवस आणि बेकरीतले दोन महिने काढायच्या आत मीच सांगतो, या वेळी पुरे करणार.

आता मुद्द्याचं. निघताना मी आणून दिलेलं झाड कसं आहे? 'फुगलेल्या पानांची बशी' म्हणून तुम्ही हसलात, पण आई गेल्यापासून घरात तुम्ही आणि मी, आणि आता मीही नाही. म्हटलं तुमच्याशिवाय काहीतरी जिवंत असू दे. विकणारी बाई म्हणाली की ते पाणी पानांतच साठवून ठेवतं, म्हणून वरून थोडंच घालायचं, आठवड्याला दोन चमचे. मारायचं म्हटलं तरी मरत नाही असंही म्हणाली. तरी बघा.

तुमचा
भोवरा


३० जून

चि. भोवरा,

आशीर्वाद. 'येतो' मधली मात्रा होती. 'कधी' नव्हतं.

झाड जिवंत आहे. खिडकीत ठेवलं आहे. रविवारी दोन चमचे. चमचा चहाचा की वाढायचा ते तू लिहिलं नाहीस, मी चहाचा धरला. चाळीस वर्षं कारखान्यात टाक्यांचे पत्रे ठोकले, मापाशिवाय हातोडा उचलला नाही. कान त्या ठोकाठोकीत गेले, त्याची तक्रार नाही. लोक बोलतात त्यातलं निम्मं ऐकण्यासारखं नसतंच.

तुझं अक्षर फिकं येतं. पेन दाबून लिहीत जा.

खालच्या टेलरकाकू तुझी चौकशी करतात. त्यांना सांगितलं, अजून पळाला नाही. त्या म्हणाल्या, पत्र पोचायला तीन आठवडे लागतात, तेवढ्यात पळाला असेल.

करार पुरा कर. मधेच आलास तर दार उघडणार नाही. तू ठोठावत बसशील आणि मला ऐकू येणार नाही, त्यामुळे भांडणही होणार नाही.

बाबा


२४ जुलै

ती. बाबा,

पळालो नाही. काकूंना सांगा.

पेन दाबून लिहितोय. पहिला कागद फाटला, हा दुसरा.

खरं सांगायचं तर मागच्या आठवड्यात पिशवी भरली होती. काही झालं नव्हतं, तेच तर. इथे काही होतच नाही. तीच खोकी, तेच दार, त्याच दारावर तेच 'दार बंद ठेवा'. मिशीवर बर्फ जमतं, बाहेर आलं की वितळून तोंडात जातं, तेवढाच काय तो बदल. पाय शिवशिवतात. घोरणारा म्हणाला, "बस की जरा, तुला काय मुंग्या चावतात का?" मी म्हटलं आमच्या घरी मला भोवरा म्हणतात. तो म्हणाला, भोवरा पण शेवटी पडतो.

मग ऑफिसात कागद मागायला गेलो. कपाटाला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर गावाला. परत येऊन पिशवी उपसली.

झाड वाढतंय का? इथे वाढणारी एकच गोष्ट आहे, माझी नखं. तुम्ही वाढतंय म्हणालात तर मला बरं वाटेल.

भोवरा


१७ ऑगस्ट

चि. भोवरा,

वाढतं आहे. आणलंस तेव्हा कुंडीच्या काठापासून दोन बोटं होतं. आता चार बोटं भरतं. तुझा विश्वास बसणार नाही म्हणून त्याच्या उंचीचा दोरा कापून पाकिटात घातला आहे. काकूंकडचा आहे, पांढरा.

लहानपणी तुझ्या शर्टाचं माप असंच घ्यावं लागायचं. टेप लावेपर्यंत तू एका जागी उभा राहायचा नाहीस. मग वरून दोरा सोडायचा, कापायचा आणि काकूंना नेऊन द्यायचा. दाराच्या चौकटीवर खुणाही केल्या आहेत, शेवटची तू सोळाचा असतानाची. झाड तुझ्यापेक्षा शहाणं. माप घेताना हलत नाही.

यंदा ऊन फार बोचरं आहे, डोळ्यांत सुईसारखं टोचतं. खिडकीला पडदा केला. काकूंनी जाड कापडाचा शिवून दिला.

बाबा


१० सप्टेंबर

ती. बाबा,

दोरा मिळाला!! माझ्या खाटेवर खिळा आहे, त्याला लटकवला. घोरणार्‍याने विचारलं, हे काय? म्हटलं आमचं झाड. तो म्हणाला, पार वाळलं की रे. सगळे हसले. पण मग त्यांनाही चटक लागली. पुढचा दोरा केवढा येणार यावर पैज लागली आहे. मी सहा बोटं सांगितलीत, मला तोंडघशी पाडू नका.

एक सांगतो, हसू नका. पाय शिवशिवायला लागले की मी तो दोरा दोन बोटांत धरतो. म्हणतो, ते तिथे एका जागी बसून वाढतंय, तर आपल्यालाही जमेल. तीन महिने झाले, बाबा. एवढा मी कुठेच टिकलो नाही.

पडदा केलात ते चांगलं केलंत. उन्हाने पानं करपली असती.

भोवरा


१९ नोव्हेंबर

चि. भोवरा,

उत्तराला उशीर झाला. गुडघा दुखत होता. कपाटाचं दार उघडं राहिलं होतं, त्याला जाऊन धडकलो. कपाटाला काही झालं नाही.

दोरा सोबत आहे. पैज जिंकलास, सहा बोटांपेक्षा जास्तच आहे. टोक वाकडं कापलं गेलं, सांभाळून घे.

हल्ली दिवे चांगले मिळत नाहीत. गल्लीतल्या दिव्याला तर भोवती रंगीत कडं दिसतं, बनावटच खराब. वाचनालयात जाणं सोडलं, तिथेही अंधार करून ठेवतात. तुझी पत्रं दुपारी दारात बसून वाचतो. तू अक्षर आणखी मोठं काढ, आखीव कागद घे, एक ओळ सोडून लिही. शाईही काळी घे. निळी दिसत नाही, म्हणजे शोभत नाही.

बाबा


१५ डिसेंबर

ती. बाबा,

हे घ्या, मोठं अक्षर. एक ओळ सोडून. काळी शाई.

बाबा, मी चौथी शिकलोय. ते अक्षरही शाळेपेक्षा तुमच्या हातावर जास्त शिकलो. तुम्ही कारखान्यातून यायचात, हातावर ग्रीस, आणि मी त्यात बोटाने 'भूक' लिहायचो. तेव्हा तुम्ही कधी म्हणाला नाहीत की वाकडं आहे. आता दर पत्रात अक्षर, अक्षर, अक्षर. इथे हातमोजे काढल्यावर बोटं अर्धा तास वाकत नाहीत, तरी लिहितो. फिकं आहे, बारीक आहे, शोभत नाही. मग न लिहिलेलंच बरं.

दोरा लटकवला. पैज जिंकलो. बस.

भोवरा


२ फेब्रुवारी

चि. भोवरा,

अक्षराचं मनावर घेऊ नकोस. म्हातार्‍याला खोडी काढायची सवय. तू जसं काढशील तसं चांगलं.

झाड वीतभर झालं. मान टाकत होतं, काडीला बांधलं. दोरा आहे.

लिहीत जा.

बाबा


३ मार्च

बाबा,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या आधी उठा आणि तो पडदा काढा. मग पुढचं वाचा.

ऑफिससमोरच्या कुंड्यांना मंगळवारी आणि शुक्रवारी एक म्हातारा माळी येतो. मी त्याला तिन्ही दोरे नेऊन दाखवले. फुशारकीच मारायला गेलो होतो. म्हटलं, बघा माळीबाबा, आमच्या वडिलांनी आठ महिन्यांत केवढं वाढवलं. त्याने विचारलं, कसं दिसतं? मी सांगितलं, जाड पानांची बशी. तो म्हणाला, "बशी उभी राहते का कधी?"

मग त्याने मला खाली बसवून समजावलं. हे झाड बुटकंच असतं. पानावर पान, मधे फट दिसत नाही, वर्षात फार तर बोटभर इकडेतिकडे. ते उंच व्हायला लागलं की समजायचं, त्याला उजेड मिळत नाही. पानांत साठवलेलं सगळं खर्चून मान लांब करत सुटतं, कुठेतरी असेल म्हणून. "वीतभर झालं म्हणजे पोरा, ते वर्षभर ओरडतंय," असं म्हणाला. तुझा बाप काय पेटीत ठेवतो काय त्याला, असंही म्हणाला.

आणि मी इथे ते दोरे लटकवून नाचत होतो.

चाळीस वर्षं माप घेतलंत आणि एवढं दिसलं नाही तुम्हाला? पानं लांब लांब झाली, रंग उडाला असेल, खालची गळली असतील, हे समोर होतं ना? तुम्हाला ऊन टोचतं म्हणून पडदा, आणि ते तिकडे अंधारात. तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत. पाणी मोजून घातलंत आणि उपाशी ठेवलंत. माझ्या माघारी एवढं एक बघायचं होतं.

भोवरा


२९ मार्च

अरे भोवर्‍या,

मी टेलरकाकू. मला शिवण येतं, लिहिणं नाही, तेव्हा टाके वेडेवाकडे पडले तर बोलू नकोस.

तुझं पत्र आलं. तुझ्या बापाने ते आधी दारात नेलं, मग गच्चीत नेलं, मग एवढा जिना धरत धरत खाली माझ्याकडे आले. मशीनसमोर उभे राहिले आणि हात पुढे केला. मला वाटलं सुई टोचली असेल. तर म्हणाले, "भोवर्‍याचं पत्र आहे. हातावर लिही." मी म्हटलं, अहो, एवढं ठळक आहे, ठोकळ्यासारखं. बोलले मी तोंडानेच, पण त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलंच नाही. त्यांना माझं तोंड दिसतच नव्हतं रे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसर्‍या दिवशी डॉक्टरकडे नेलं, मीच नेलं. काचबिंदू आहे. डावा डोळा गेलेला आहे, कधी गेला ते त्यांनाही सांगता येत नाही. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं, तेही धुक्यातलं. थेंब दिलेत, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, थेंबांनी उरलेलं टिकलं तर टिकलं. वर्षापूर्वी आणायला हवं होतं म्हणाले. मीच तो पडदा शिवला, जाड कापड बघून, दुहेरी. मला कुठे माहीत होतं?

झाडाचं माप ते हाताने घ्यायचे. बोटांनी शेंडा शोधायचा, दोरा धरायचा, कापायचा. रंग उडाला ते दिसणार कसं? त्यांच्या हाताला ते उंच लागत होतं आणि ते खूश होते. मलाही वर बोलावून दाखवायचे, मीही म्हटलं, वा, काय वाढलंय.

तुझं पत्र मी हातावर लिहीत गेले. 'तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत' तिथे आले आणि थांबले. म्हटलं, हे गाळावं. पण त्यांचा दुसरा हात कागदावर होता. तू पेन दाबून लिहितोस, मागच्या बाजूला उठतं, ते चाचपत होते. म्हणाले, "गाळू नकोस. शिव्या असल्या तरी त्याच्या आहेत." मग लिहिलं. नंतर ते वर गेले आणि पडदा काढला. ऊन डोळ्यांवर आलं तसं तोंड फिरवून भिंतीकडे बसले, पण काढला. दुपारभर कुंडी मांडीवर घेऊन तसेच.

तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. म्हणाले, पहिल्यांदा कुठेतरी टिकलाय, माझ्यापायी पळून येईल. मी शपथ मोडते आहे. एकदाच म्हणाले, डोळ्यात काही आहे तोवर त्याचं तोंड बघायला मिळालं असतं तर बरं.

तुझी
काकू


२० एप्रिल

काकू,

तुमचं पत्र पंधरा तारखेला मिळालं. तसाच ऑफिसात गेलो, अंगावर जाकीट, मिशीवर बर्फ. मॅनेजरला म्हटलं, कागद द्या, मला घरी जायचंय. त्याने विचारलं, काय झालं? सांगितलं. तो म्हणाला, "सगळ्यांचेच बाप म्हातारे असतात." मी म्हटलं, डोळे चाललेत. तो म्हणाला, तू काय डॉक्टर आहेस? जाऊन काय करणार? खरंच, जाऊन काय करणार? फक्त समोर उभा राहणार.

बदली माणूस आला तर सोडू, नाहीतर डिसेंबर. बदली माणूस गेल्या तीन वर्षांत कुणाचाच आला नाही असं घोरणारा म्हणतो. कागदांशिवाय निघालो तर पहिल्याच नाक्यावर उतरवून परत आणतात, मागे एकाला आणलं होतं. रोज सकाळी मी ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहतो. आता मॅनेजर मान वर पण करत नाही. टायरवाल्याकडून पळालो, बेकरीतून पळालो, तेव्हा कुणी अडवलं नाही. कुणीतरी अडवून बदडलं असतं तर बरं झालं असतं, आत्ता पळायचं शिल्लक राहिलं असतं.

त्या पत्राचं काय करू? बाबा लिहीत होते, दिवे खराब, निळी दिसत नाही, दिव्याला कडं. सगळं समोर होतं. आणि मी त्यांना लिहिलं की एवढं दिसलं नाही तुम्हाला. हे वाक्य मी पेन दाबून लिहिलंय, काकू. कागदाच्या मागे उठलं असेल.

झाडाचं माळीबाबाने सांगितलंय ते करा. सगळ्यात वरचा पानांचा गुच्छ दोन बोटं देठ ठेवून कापायचा. कापलेला शेंडा आठ दिवस तसाच कोरडा ठेवायचा, जखम सुकली पाहिजे. मग कोरड्या मातीवर नुसता टेकवायचा. पाणी नाही. महिनाभर काहीही करायचं नाही. मी विचारलं, काहीतरी तर करायला हवं ना? तो म्हणाला, लोकांचं हेच चुकतं, हात लावल्याशिवाय राहवत नाही. महिन्याने हलकेच ओढून बघायचं. सुटून हातात नाही आलं तर मूळ धरलं.

बाबांसाठी पत्र लिहिलं नाही. तुम्ही अक्षर अक्षर काढणार, त्यांचा हात दुखणार. त्यापेक्षा सोबतचा दोरा द्या. भिंतीला टेकून सरळ उभा राहिलो, घोरणार्‍याने डोक्यापासून टाचेपर्यंत धरला आणि कापला. मी हललो नाही, हे त्यांना मुद्दाम सांगा. तो माझ्या उंचीचा आहे. त्याला सात गाठी मारल्यात, म्हणून आखूड दिसेल. जूनपासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक गाठ सोडायची. डिसेंबरची सुटली की दोरा पुरा माझ्याएवढा होईल, आणि तेव्हा मी दारात असेन.

एवढंच त्यांच्या हातावर लिहा. थेंब चुकवू देऊ नका.

भोवरा


२२ जून

अरे भोवर्‍या,

हे तुझे बाबा सांगताहेत आणि मी, काकू, लिहिते आहे. मधे मधे मी बोलेन, ते त्यांना कळणार नाही.

चि. भोवरा, आशीर्वाद. शेंडा कापला. काकूंची कात्री घेतली, कापडाची, म्हणून त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. (बोलले असते तरी कुणाला ऐकू येणार होतं?) आठ दिवस सुकवला, मातीवर ठेवला. पाणी घातलं नाही. काल ओढून बघितलं, सुटत नाही. आता तो बुटका बसला आहे. हात फिरवला की पानावर पान लागतं, फट नाही. तुझ्या माळ्याला सांग. (रोज दहा वेळा हात फिरवतात. नको म्हटलं तर ऐकत नाहीत. ऐकणार कसे म्हणा.)

तुझं ते पत्र मनाला लावून घेऊ नकोस. तू माप बरोबर घेतलं होतंस, माझंच चुकलं. झाड बोटांना उंच लागायचं, तेव्हा वाटायचं, चला, घरात कुणाचं तरी बरं चाललंय.

दोरा मिळाला. काकूंनी हातावर सगळं लिहिलं, महिन्याला एक गाठ, सगळं समजलं. तरी त्याच दुपारी सातही सोडल्या. हात रिकामेच होते. आणि मला तो पुरा हवा होता. दाराच्या चौकटीला लावून बघितला. तुझी सोळाची खूण नखाने लागते, तिच्यावर तू पाच बोटं गेलास. मला माहीतच नव्हतं. तू समोर होतास तेव्हा कधी उभा राहिला नाहीस. आता तो तिथेच खिळ्याला लावला आहे. येता-जाता हाताला लागतो. गाठी होत्या तिथे दोरा थोडा वाकतो, सरळ होत नाही. होईल.

थेंब घालतो. तुझा करार पुरा कर. घाईने येऊ नकोस.

खिडकी दिवसभर सताड उघडी असते, झाडाला चांगलं ऊन मिळतं. आता मला टोचत नाही.

(भोवर्‍या, हे वाक्य त्यांनी मला दोनदा सांगितलं. गेल्या सोमवारपासून उजवा डोळाही नाही. डॉक्टरकडे नेऊन आणलं.)

बाबा


१५ जुलै

काकू,

पत्र मिळालं. ऑफिसच्या दारात आज गेलो नाही.

मॅनेजरनेच बोलावलं. म्हणाला, काय रे, आज आला नाहीस? मी म्हटलं, नाही.

झाडाचे दोरे खिळ्यावरून काढून ठेवले. आता झाडाचा दोरा पाठवू नका म्हणावं. ते वाढलं नाही तरच बरं. घोरणारा आता माझ्याशी फार बोलत नाही, घोरतही कमी. त्याला मी काही सांगितलं नाही, पण पत्र वाचताना तो बघत होता.

मोठं काही लिहीत नाही. त्यांच्या हातावर एकच शब्द काढा, येतो. मात्रा विसरू नका. ते विचारतील, कधी. तेव्हा डिसेंबर लिहा. सावकाश लिहा, काकू, एक अक्षर झालं की थोडं थांबून दुसरं. आता घाई कशाचीच नाही.

भोवरा